हिलालभाऊंच्या फाईलवर मी काय लिहिलं

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, बहिणीला नाही, लेकाला तर नाहीच. निवृत्तीच्या कार्यक्रमात अंगावर शाल पडली, हातात माईक आला, तेव्हा एकदा वाटलं होतं — आता बोलून टाकावं. मग मी सगळ्यांचे आभार मानले आणि खाली बसले. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्याशी बोलते आहे. ओळखीच्या माणसासमोर तोंड उघडायची हिंमत अजूनही नाही, हे आधीच सांगितलेलं बरं.

मी मूळची पहूरची. नोकरी सगळी खानदेशातल्याच एका शहराच्या पालिकेत झाली. शहराचं नाव घेत नाही. ओळखणारे ओळखतील, न ओळखणाऱ्यांचं काही अडत नाही. कारकून म्हणून चिकटले आणि शेवटी कर विभागाची प्रमुख झाले. घरपट्टी, पाणीपट्टी, थकबाकी, जप्ती — सगळं माझ्या टेबलावरून जायचं. त्यातच वाहन विभागाचे साहेब निवृत्त झाले. त्यांची जागा काही भरली गेली नाही आणि तो विभागही 'तात्पुरता' म्हणून माझ्या गळ्यात आला. सरकारी तात्पुरतं किती टिकतं ते तुम्हाला ठाऊक असेलच. माझं पाच वर्षं टिकलं. घंटागाड्या, पाण्याचे टँकर, आगीचे बंब आणि एक वैकुंठरथ, एवढ्या गाड्या कुठे जातात, किती डिझेल पितात, कोण चालवतं, हे बघणं माझं काम झालं.

दोन्ही कामं मी चोख केली. ही फुशारकी नाही — किंवा आहेही, असू दे. बाईमाणूस वसुली काय करणार, असं म्हणणारे दोन वर्षांत माझ्या केबिनबाहेर ताटकळायला लागले. 'मॅडम फार कडक आहेत' असं कुणी म्हटलं की मला आतून गुदगुल्या व्हायच्या. वसुलीत एकदा दया दाखवली की दुसऱ्या दिवशी दारात रांग लागते, हे मी नव्या पोरींना शिकवायचे. आजही ते खोटं आहे असं मला वाटत नाही. पण ते सांगताना मला जरा जास्तच मजा यायची.

आता हिलालभाऊंबद्दल. हिलालभाऊ वैकुंठरथाचे चालक. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावातून शहरात आलेले, चौदा वर्षं रोजंदारीवर. माझ्यापेक्षा वयाने मोठे, तरी मला अक्का म्हणायचे. बाकी सगळी पालिका मॅडम म्हणायची. अक्का म्हणणारे तेवढेच एक, आणि मी त्यांना कधी टोकलं नाही. रथ म्हणजे काही फार मोठं प्रकरण नव्हतं — पांढरा टेम्पो, दोन्ही बाजूंना काचा, पुढे झेंडूची माळ. पण त्यांनी तो लग्नाच्या गाडीसारखा ठेवला होता. रोज सकाळी गॅरेजात धुवायचे. फोन आला की अर्ध्या तासात दारात हजर. खांदेकरी कमी पडले तर स्वतः खांदा द्यायचे. एका एकट्या म्हातारीचं कुणीच आलं नाही, तेव्हा मडकंसुद्धा त्यांनीच धरलं होतं. आणि ह्याच माणसाला शहरातलं कुणी लग्नाची पत्रिका देत नसे. मी कुणाच्या मांडवात दिसलो की लोकांच्या पोटात गोळा येतो, असं ते हसत सांगायचे.

रोजंदारीवरच्या चालकांना कायम करायची यादी त्या वर्षी निघाली होती. हिलालभाऊंचं नाव पहिल्या पाचांत होतं. कायम होणं म्हणजे काय, हे ज्याच्या घरी दर महिन्याला पगार नेमाने येतो त्याला सांगून कळायचं नाही. आजारपणात रजा. म्हातारपणी हातात काहीतरी. आणि मुलीच्या सोयरिकीत 'बाप पालिकेत कायम आहे' हे एक वाक्य. त्यांची मुलगी लग्नाची होती आणि बाप कुठली गाडी चालवतो हे ऐकून दोन स्थळं परत गेली होती. अशी फाईल वर जाण्याआधी तिच्यावर विभागप्रमुखाचा शेरा लागतो — शिफारस आहे किंवा नाही. त्यांची विभागप्रमुख मी. फाईल जानेवारीपासून माझ्या टेबलावर होती. मी ती उघडली नव्हती, कारण मार्च जवळ येत होता आणि मला दुसरं काही दिसत नव्हतं. हिलालभाऊंनी मात्र खाकी कापड घेऊन शिवायला टाकलं होतं. रोजंदारीवाल्याला गणवेश मिळत नाही.

मार्च म्हणजे पालिकेत लगीनघाई. वर्षभर झोपलेली वसुली एका महिन्यात उठवायची असते. नळाचं कनेक्शन तोडायचं, थकबाकीदाराचं नाव चौकातल्या फलकावर लावायचं, दुकानाला सील ठोकायचं, हे सगळं करून झालं होतं. ढोलही वाजवून झाला होता. ही आमची जुनी युक्ती: थकबाकीदाराच्या दारात ढोलपथक नेऊन उभं करायचं, शेजारीपाजारी गॅलरीत येतात, माणूस शरमेनं भरून टाकतो. पहिल्या वर्षी चालली. दुसऱ्या वर्षी एका व्यापाऱ्यानं ढोलवाल्यांना बसवून सरबत पाजलं. आणि त्या वर्षी तर एका घरची नातवंडं ढोलावर नाचायला लागली, सुनेनं वरून व्हिडिओ काढला, आणि तो माझ्याच फोनवर तीन ग्रुपांतून आला. खाली कुणीतरी लिहिलं होतं, पालिकेकडून मोफत बँड. माझं डोकं फिरलं.

त्याच आठवड्यात मी बाजारातून चालले होते. समोरून वैकुंठरथ रिकामाच परत येत होता. रस्ता आपोआप मोकळा होत होता. रिक्षावाले बाजूला झाले. फळवाल्यानं हात जोडले. एक बाई कडेवरच्या लेकराला घेऊन दुकानात शिरली आणि रस्त्याकडे पाठ करून उभी राहिली. ढोलाला कुणी भीत नाही, पण ह्या गाडीला सगळे भितात — हा विचार डोक्यात आला तेव्हा मला लाज वाटायला हवी होती, नाही का? मला ती हुशारी वाटली. दोन विभाग एका टेबलावर असल्याचा असाही फायदा, असं मनाशी म्हणून मी हसलेसुद्धा.

बेत साधा होता. थकबाकीदाराच्या दारात रथ नेऊन उभा करायचा. पंधरा मिनिटं. कुणी काही बोलायचं नाही, नोटीस द्यायची नाही, हॉर्नसुद्धा वाजवायचा नाही. घरातले स्वतःच धावत येतील. कागदावर मी काही आणलं नाही. वर कुणाला विचारलं नाही. हिलालभाऊंना एकट्यांना बोलावलं आणि तोंडी सांगितलं.

ते म्हणाले, "अक्का, हाई गाडी बलावाबिगर कोनाच दारे जात नही. जावाले बी नको."

मी त्यांना समजावत बसले नाही. टेबलावरची त्यांची फाईल उचलली, डाव्या बाजूची उजव्या बाजूला ठेवली, आणि म्हणाले, "हिलालभाऊ, मार्च संपला की मला ही बघायची आहे." एवढंच. अर्थ लावायला ते काही दूधखुळे नव्हते. ही धमकी होती का? तेव्हा मी स्वतःला सांगितलं की नाही, मी फक्त कामाची आठवण केली. आता तसं सांगत नाही.

पहिल्या तीन घरांत काम फत्ते झालं. एका लॉजवाल्यानं दहाव्या मिनिटाला चेक पाठवला, सोबत निरोप — आधी गाडी हलवा. दुसऱ्यानं मला फोनवर शिव्या घातल्या आणि भरले. तिसऱ्या घरची सासू रस्त्यावर येऊन स्वतःच्याच दारावरून मीठमिरच्या ओवाळून गेली, आणि तासाभरात तिचा मुलगा माझ्यासमोर बसलेला होता. वरून कौतुकाचा फोन आला. काय जादू केली, असं विचारलं. पथक मेहनत घेतंय, असं मी म्हणाले. हिलालभाऊ परत आले की माझ्याकडे न येता सरळ गॅरेजात जायचे. त्या दिवसांत निघण्याआधी ते झेंडूची माळ काढून ठेवायचे आणि काचांना आतून गोणपाट लावायचे, हे मला नंतर कळलं. गाडी ओळखू येऊ नये म्हणून. पण ती गाडी न ओळखणारं शहरात होतं कोण?

चौथं घर नानांचं.

नाना बियाण्यांचे जुने व्यापारी. ऐपत होती, पण पालिकेशी वाद होता. गोदामाची घरपट्टी चुकीची लावली म्हणून त्यांनी सगळीच भरणं थांबवलं होतं. नानांनी मान तुकवली की त्यांच्या मागे सगळी पेठ तुकवेल, असा माझा अंदाज होता. त्यामुळे तीन वर्षं मला नाना हवे होते. माझा एक लिपिक आधी त्यांच्या घरी जाऊन आला होता. त्यानं भेटीच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: 'पत्नी अत्यवस्थ. पुढच्याच खोलीत ठेवले आहे. महिनाभर मुदत मागतात.'

ही चिठ्ठी मी वाचली होती.

इथे जरा थांबते. नंतर जे झालं ते शहरानं पाहिलं, पेपरात आलं, बोलून बोलून लोक दमले. पण ही चिठ्ठी मी वाचली होती, हे कुणालाच माहीत नाही. बिचाऱ्या लिपिकाला वाटलं, मॅडमच्या ढिगात राहून गेली असेल. राहून गेली नव्हती. मार्चमध्ये प्रत्येक घरात कुणी ना कुणी अत्यवस्थ असतंच, असं म्हणून मी ती ड्रॉवरमध्ये टाकली. आणि त्या वेळी मनात आणखीही एक आलं होतं — घरात आजारी माणूस आहे, म्हणजे हे लोक लवकर भरतील. खरंच आलं होतं.

सकाळी अकराच्या सुमाराला रथ नानांच्या दारात उभा राहिला. आपल्याकडे दारात रथ दिसला की कुणी विचारपूस करत बसत नाही. गल्लीतल्या बायांनी हातातली कामं टाकली, डोक्यावर पदर घेतले आणि निघाल्या. पुरुषांनी दुकानांची शटरं अर्धी ओढली. एकजण बांबू आणायला गेला, एकजण कापड आणायला. नानांच्या पत्नी किती दिवस अंथरुणाला खिळल्या होत्या हे सगळ्यांना माहीत होतं, शंका घ्यायला जागाच नव्हती. कुणीतरी त्यांच्या लेकीला पाचोऱ्याला फोन लावला. ती होती तशी निघाली आणि वाटभर रडत आली. तिला खरं काय ते सांगायला पुन्हा फोन लागेना. नाना दुकानात होते. सून मागे स्वयंपाकघरात होती. मागच्या गल्लीत राहणारी नानांच्या पत्नीची धाकटी जाऊ छाती पिटत सगळ्यांच्या आधी आत शिरली.

पुढच्या खोलीत कॉटवर मोठीमाय जाग्या होत्या. सगळी गल्ली त्यांना मोठीमाय म्हणायची. इतक्या बाया एकदम रडत आत आलेल्या बघून त्यांनी मान वळवली आणि क्षीण आवाजात विचारलं, "कोन गयं व?"

जाऊ जागच्या जागी मटकन खाली बसली. मग मोठीमायची नजर उघड्या दारातून बाहेर गेली आणि त्यांना रथ दिसला.

हे मी पाहिलेलं नाही. हे मला हिलालभाऊंनी सांगितलं. ते स्टिअरिंगवर बसून दारातून आत बघत होते. गाडी इतकी दाराला लागून उभी करायला मीच सांगितलं होतं.

मोठीमाय त्या दिवशी गेल्या नाहीत. पुढे दीड महिना होत्या. पण त्यांनी कॉट मागच्या खोलीत हलवायला लावली, आणि दाराकडे पाठ करून झोपायच्या. कुणी भेटायला आलं की आधी विचारायच्या, मला बघायलाच आलात ना? हे मला त्यांच्या सुनेनं सांगितलं, ती घरपट्टी भरायला आली होती तेव्हा. हो, भरली त्यांनी. सगळी.

दुपारपर्यंत शहर पेटलं. रथाचे फोटो फोनाफोनांत फिरले. पेठेतली दुकानं बंद झाली, पालिकेच्या दारात माणसं जमली, घोषणा झाल्या. वरिष्ठ साहेबांनी मला आणि हिलालभाऊंना एकाच वेळी आत बोलावलं. केबिनमध्ये आम्ही तिघंच. गाडी तिथे कुणाच्या सांगण्यावरून गेली, असं त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, "मला माहीत नाही, सर. रिकामी परत येताना चालक कुठे चहाला थांबला असेल."

हे वाक्य मी ठरवून गेले नव्हते. ते तोंडातून आपोआप आलं. पण एकदा आलं आणि मी ते मागे घेतलं नाही. हिलालभाऊ माझ्याकडे बघत होते. रागाने नाही. दोघांनी मिळून जड पेटी उचलायची असली की एकजण दुसऱ्याकडे बघतो ना, तसे बघत होते. मी काही खूण करते का, याची वाट बघत होते. मग ते साहेबांकडे वळून म्हणाले, "हां साहेब, मीच थांबनू व्हतू. अक्काले काहीच माहीत नही."

का म्हणाले ते असं? मी तेव्हाच ओळखलं होतं. त्यांना वाटलं, आज आपण अक्काला वाचवलं तर उद्या अक्का आपल्याला वाचवेल. फाईल तिच्याच हातात आहे. बाहेर आल्यावर मी हळू आवाजात म्हणाले, "हिलालभाऊ, तुमचं मी बघते." त्यांनी मान हलवली आणि गाडी धुवायला गेले.

त्याच दिवशी मी रथाचं लॉगबुक मागवलं. गाडी कुठून कुठे गेली ते त्यात रोज लिहायचं असतं. 'परतीच्या वाटेत चहासाठी थांबा' असं हिलालभाऊंकडून लिहून घेतलं आणि खाली सही केली. आधीच्या तीन घरांच्या खेपा त्यात नव्हत्याच. त्या मी लिहूच दिल्या नव्हत्या. म्हणजे मला पहिल्या दिवसापासून कळत होतं, नाही का? ते तिघं थकबाकीदारही गप्प राहिले. आपल्या दारात रथ येऊन गेला हे कोण आपल्या तोंडाने सांगेल? लिपिकाची चिठ्ठी मी फाडली, तुकडे पर्समध्ये घालून घरी नेले आणि चुलीत नाही, कचऱ्याच्या डब्यात टाकले. दुसऱ्या दिवशी आमच्याच घंटागाडीने ते नेले.

इथवर ऐकून तुम्हाला वाटेल, हेच ते. खोटं बोलली आणि गरिबावर ढकललं. हे पुरेसं वाईट आहे. कितीतरी वर्षं मी स्वतःशीसुद्धा एवढंच कबूल करत आले. पण अजून एक आहे, आणि सांगायचं होतं ते तेच.

पंधरा दिवसांत सगळं थंड झालं. साहेब नानांच्या घरी जाऊन माफी मागून आले. हिलालभाऊंना लेखी ताकीद दिली आणि प्रकरण मिटलं. मग कायम करायच्या यादीतल्या सगळ्या फाईली वर मागवल्या गेल्या. हिलालभाऊंच्या फाईलवर माझा शेरा बाकी होता. मी ती पहिल्यांदा उघडली. चौदा वर्षांची हजेरी, एकही तक्रार नाही. एका कुटुंबाचं हाताने लिहिलेलं पत्र लावलेलं होतं. त्यात लिहिलं होतं की ह्या माणसानं आमच्या वडिलांना स्वतःच्या बापासारखं नेलं. शिफारस लिहायला दोन ओळी लागतात. मी पेन हातात घेतलं आणि तेव्हा डोक्यात आलं — पालिकेची अब्रू घालवणाऱ्या चालकाची शिफारस ही बाई का करते, असं कुणी विचारलं तर? कुणी खोदायला लागलं तर? चिठ्ठीपर्यंत पोचलं तर?

कुणी विचारलं नव्हतं. कुणाचा दबाव नव्हता. साहेब तर त्या प्रकरणाचं नावही काढत नव्हते, आणि ताकीद म्हणजे काही नोकरीतून बाद होण्यासारखी शिक्षा नव्हती. मी 'शिफारस आहे' असं लिहिलं असतं तर फाईल निमूटपणे पुढे गेली असती. हे मला आज कळतं असं नाही. तेव्हाही कळत होतं. मी खुर्चीत ताठ बसले आणि लिहिलं:

'सदर चालकाचे वर्तन बेजबाबदार असल्याने त्यांना नियमित सेवेत घेण्याची शिफारस करता येत नाही.'

लिहून झाल्यावर मी वाचून पाहिलं. अक्षर चांगलं आलं होतं. खाली सही केली, तारीख टाकली, शिपायाला हाक मारली आणि फाईल वर पाठवली. मग डबा उघडला आणि जेवले. त्या दिवशी काय भाजी होती हेही मला आठवतं, वांग्याचं भरीत. घास अडकला वगैरे काही झालं नाही.

यादीतून हिलालभाऊंचं नाव गेलं. जे कायम झाले नाहीत त्यांना थोड्याच दिवसांत कामावरून कमी केलं गेलं. ते मला भेटायला आले. मी त्यांना खुर्ची दिली — एरवी ते उभेच राहायचे — चहा मागवला आणि म्हणाले, "वरून नाही झालं, हिलालभाऊ. मी खूप प्रयत्न केले."

"माले माहीत शे, अक्का," ते म्हणाले. "तुम्हीन काहीच कमी करं नही व्हई."

चहा पिऊन झाल्यावर त्यांनी स्वतःचा कप उचलून बाहेर नेऊन ठेवला आणि गेले. मी त्यांना मुलीबद्दल विचारलं नाही. शिंप्याकडच्या कापडाबद्दल तर नाहीच. रथावर कंत्राटदाराचा नवा चालक आला. त्याच्याविरुद्ध तक्रारी यायच्या की वेळेवर येत नाही, खांदा देत नाही, दारात फोनवर गाणी लावून बसतो. त्या तक्रारी माझ्याच टेबलावर यायच्या आणि मी त्यांच्यावर 'समज द्यावी' असं लिहायचे.

त्या वर्षी चांगल्या वसुलीबद्दल मला प्रशस्तिपत्र मिळालं. मी ते भिंतीवर लावलं नाही, कपाटात आहे. भिंतीवर न लावणं म्हणजे काही प्रायश्चित्त नव्हे, हे मला कळतं. पुढे नोकरीची सहा वर्षं उरली होती. सहा वर्षांत कुठल्याही दिवशी दोन ओळींचा अर्ज लिहून मी खरं सांगू शकले असते. यादी पुन्हा उघडली असती की नाही, माहीत नाही. मी विचारूनही पाहिलं नाही. मला शिक्षेची भीती वाटत होती असं म्हणावं, तर तेही अर्धंच खरं. मला 'कडक मॅडम' राहायचं होतं. लोक मला भित्री म्हणतील, ते नको होतं.

आता गेल्या हिवाळ्यातलं सांगते आणि संपवते. भाचीच्या साखरपुड्याला धुळ्याला गेले होते. तिथून पुढे शिरपूरच्या बाजूला एका नातेवाइकांकडे जायचं होतं. बस सुटून गेली होती म्हणून काळीपिवळी जीप धरायला गेले. जीप जवळजवळ भरलेली होती. मागच्या बाजूला कुठे टेकता येतं का ते मी बघत होते, तेवढ्यात कुणीतरी मोठ्यानं हाक मारली — "अक्का!"

हिलालभाऊ. केस सगळे पांढरे, अंगाने अर्धे झालेले. जीप त्यांचीच, म्हणजे दुसऱ्याची, ते चालवत होते. त्यांनी खाली उतरून माझ्या हातातली पिशवी घेतली. पुढच्या सीटवर एक तरुण बसला होता, त्याला उठवून मागे पाठवलं. आणि सगळ्या जीपला ऐकू जाईल असं सांगितलं, "ह्या आमन्या अक्का. मोठ्या साहेब व्हत्यात पालिकामा. मनासाठे भलत्या झगडन्यात, पन वरलासनी आयकं नही."

जीपमधली माणसं माझ्याकडे बघायला लागली. मागच्या एका म्हाताऱ्या बाईनं मला हात जोडले. मीही जोडले.

वाटेत ते बोलत होते. मुलीचं लग्न झालं, उशिरा झालं, दोन लेकरं असलेल्या बिजवराशी. बरा आहे, म्हणाले, मारत नाही. रथाची आठवण येते, म्हणाले. ह्या गाडीत सगळे भांडतात, त्या गाडीत कुणी भांडत नव्हतं. यावर ते स्वतःच हसले आणि मीही हसले. रस्ता चांगला होता. खिडक्या बंद होत्या, गाडीचा फार आवाज येत नव्हता. मी काही बोलले असते तर त्यांना नीट ऐकू गेलं असतं. तासभर मी त्यांच्या शेजारी पुढच्या सीटवर बसले होते.

उतरताना मी भाडं पुढे केलं. त्यांनी घेतलं नाही. मी एकदाच पुढे केलं होतं. मग ते पर्समध्ये ठेवलं, पिशवी घेतली आणि म्हणाले, "येते, हिलालभाऊ."